इंजिनावरील अक्षरे

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादे जुने शिवणयंत्र असेल आणि त्याच्या काळ्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी आपल्या परिचयाची असेल. माझी आई पायमशीन चालवीत असे आणि मी शेजारी बसून त्या वेलीवरून बोट फिरवीत असे. डोळ्यांना वेल स्पष्ट दिसे, पण बोटाला ती कोठेच लागत नसे. कोणा रंगाऱ्याने नाजूक कुंचल्याने ती काढली असावी, अशी माझी त्या वेळची समजूत होती. पुढे कळले की, ती काढलेली नव्हती, उतरविलेली होती. चित्र आधी कागदावर छापायचे, मग कागदावरून यंत्राच्या अंगावर उतरवायचे आणि वरून वार्निशाचा हात द्यायचा, अशी ती रीत. अशा चित्राला इंग्लंडात 'ट्रान्सफर' आणि अमेरिकेत 'डिकॅल' म्हणतात. आज मी ह्या डिकॅलविषयीच बोलणार आहे. मात्र ते शिवणयंत्रावरचे नाही, वीतभरही लांबी नसलेल्या आगगाडीच्या एका इंजिनावरचे आहे.

खेळण्यातले इंजिन आणि प्रतिकृती ह्यांतील भेद प्रथम सांगितला पाहिजे. खेळण्यातले इंजिन म्हणजे कोणतेही एक इंजिन. प्रतिकृती ही कोणत्या तरी एका रेल्वेच्या, एका काळच्या, एका क्रमांकाच्या इंजिनाची असते. साचा तोच, चाके तीच, प्लास्टिकही तेच. परंतु अंगावरचा रंग आणि रंगावरची अक्षरे बदलली की इंजिन दुसरे होते. पुण्यास कोथरूड भागात जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून आहे. तेथे मुलांना घेऊन गेलेल्या पालकांना माझे म्हणणे चटकन पटेल. मुले चाकांकडे पाहतात, आणि त्यांच्यामागे उभा असलेला एखादा निवृत्त रेल्वे कर्मचारी चष्मा वर करून आधी क्रमांक वाचतो.

आमच्या घरी असे इंजिन आले ते समुद्रमार्गे. माझा थोरला भाऊ, ज्याला घरात आम्ही सारी दादा म्हणतो, व्यापारी जहाजांवर नोकरीस होता. गोव्याकडे अशांना तारवटी म्हणतात, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कित्येक घरांतून असा एक तरी तारवटी निघतो. १९९६ साली त्याचे जहाज लॉस एंजेलिसजवळ सॅन पेद्रोच्या धक्क्याला लागले असता त्याने एका दुकानातून दोन वस्तू घेतल्या. एक, डिझेल इंजिनाची कोरी, राखी रंगाच्या प्लास्टिकची प्रतिकृती. अमेरिकेत हौशी लोकांसाठी इंजिने रंगविलेली मिळतात तशी मुद्दाम कोरीही मिळतात. दुसरी, त्या इंजिनावर उतरविण्याच्या अक्षरांचा आणि पट्ट्यांचा एक कागद. दादाच्या मनात ते पुढच्या रजेत रंगवायचे होते. त्यानंतर अनेक रजा आल्या नि गेल्या. बहिणींची लग्ने झाली, घर बांधून झाले, आईचे आजारपण झाले, आणि इंजिन खोक्यात राहिले. दादा नोकरीतून मोकळा झाला तेव्हा डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निघाले. नजर बाजूंनी मिटत आली. आता त्याला उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते. अक्षर कळत नाही. मागल्या वर्षी फेब्रुवारीत त्याने ते खोके माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "तू शाळेत चित्रकला शिकवतेस ना? मग हे तूच पुरं कर."

हे इंजिन कोणते, ते सांगते. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाने १९४९ ते १९५३ ह्या काळात 'एफ सेव्हन' जातीची डिझेल इंजिने बांधली. अमेरिकेच्या अनेक रेल्वे कंपन्यांनी ती घेतली आणि प्रत्येकीने आपला रंग दिला. त्यांत सर्वांहून गाजला तो अ‍ॅचिसन, टोपीका आणि सांता फे ह्या कंपनीचा. शिकागो ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या तिच्या 'सुपर चीफ' गाडीसाठी १९३७ साली जनरल मोटर्सचा चित्रकार लीलंड निकरबॉकर ह्याने ही रंगयोजना आखली. नाक तांबडे, तो तांबडा रंग केबिनवरून मागे वळसा घेत जातो, त्याच्या कडेने पिवळा पट्टा व काळी रेघ, बाकी सारे अंग रुपेरी. मैदानी मुलखातील आदिवासी नायक डोक्यावर पिसांचा जो शिरोभूषणाचा तुरा घालीत, त्याच्यासारखा हा आकार दिसतो, म्हणून ह्या योजनेला 'वॉरबॉनेट' हे नाव पडले. १९४८ साली लायोनेल ह्या खेळण्यांच्या कंपनीने ह्याच रंगाचे इंजिन बाजारात आणले आणि सांता फेची गाडी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या घरांतूनही तिचा रंग जाऊन पोचला. १९७१ साली त्या कंपनीच्या उतारूगाड्या अ‍ॅमट्रॅककडे गेल्या, आणि १९९६ च्या अखेरीस, म्हणजे दादाने ते खोके घेतले त्याच वर्षी, खुद्द कंपनीच दुसरीत विलीन होऊन संपली. तेव्हा आमच्या घरी आलेले इंजिन हे, एका अर्थी, उत्तरकार्याच्या वर्षातले आहे.

'सांता फे' ह्या स्पॅनिश शब्दांचा अर्थ पवित्र श्रद्धा असा आहे, आणि कंपनीचे चिन्ह म्हणजे वर्तुळातील क्रूस. दादाने आईला हे एकदा सांगितले. तेव्हापासून आई हयात होती तोवर त्या खोक्यावर तिने दुसरी वस्तू ठेवू दिली नाही.

आता थोडे गणित. ते माझ्या रोजच्या कामाचे असल्यामुळे टाळवत नाही. ही प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आहे. मूळ इंजिन पन्नास फूट आठ इंच लांब. हे पावणेअठरा सेंटिमीटर. मूळ इंजिनावरचा एक इंची खिळा येथे मिलिमीटरच्या तीन दशांशाएवढा होतो. नऊ इंची अक्षर अडीच मिलिमीटरांचे होते. परंतु रंगाचे काय? रंग काही सत्त्याऐंशीपट पातळ मिळत नाही. प्रतिकृतीवर एक विसांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर मूळ इंजिनावर तो चार मिलिमीटरांहून जाड झाल्यासारखा होईल. तेवढ्या रंगाखाली खिळे, फटी, जाळ्या सारे बुजून जाईल आणि इंजिन साबणाच्या वडीसारखे दिसेल. म्हणून ह्या कामात कुंचला फारसा चालत नाही. हवेच्या दाबाने रंगाचे धुके उडविणारी, टाकासारखी हातात धरायची एक फवारणी लागते; तिला एअरब्रश म्हणतात. ती दादाच्या पेटीत होती. हवा भरणारे यंत्र मात्र आमच्या घरामागे मोटारी रंगविणाऱ्या एका पेंटरकडून उसने आणावे लागले.

परंतु रंगाला हात लावण्यापूर्वी मी तो कागद पाहिला, आणि माझा धीर सुटला. जवळजवळ तीस वर्षे तो पेटीत होता. अक्षरांभोवतीची पारदर्शक जागा चहाच्या डागासारखी पिवळी पडली होती. त्याहून मोठी भीती दिसणारी नव्हती. डिकॅलच्या कागदाची रचना अशी असते की, खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा लेप, आणि त्यावर केसाहून पातळ असा लाखेचा पापुद्रा, ज्यात अक्षरे छापलेली असतात. पाण्यात बुडविले की डिंक सुटतो आणि पापुद्रा मोकळा होतो. हा पापुद्रा वर्षानुवर्षांत ठिसूळ होतो. कोरडा असेपर्यंत कागद त्याला धरून ठेवतो, म्हणून काही कळत नाही. कळते ते पाण्यात घातल्यावर. आम्हांला लागणार होता क्रमांक ३४७ सी. हे इंजिन कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे आणि दादाने ते तेथे पाहिले होते. त्यातील 'सी'ला अर्थ आहे. चार इंजिने जोडून एक क्रमांक देत आणि पुढून मागे एल, ए, बी, सी अशी अक्षरे लावीत. म्हणून 'सी' म्हणजे शेपटाकडचे तोंड. कागदावर आठ हा अंक पुष्कळ होता आणि आम्हांला त्याची गरज नव्हती. तेव्हा एक आठ कापून मी कोमट पाण्यात घातला. अर्ध्या मिनिटात त्याचे पाच तुकडे झाले.

दादा शेजारी बसला होता. मी गप्प राहिले, त्यावरून त्याने ओळखले. "फुटला ना?" तो म्हणाला. "फुटणारच. त्याला वरून नवी साल द्यायला लागेल."

ही नवी साल म्हणजे जुन्या डिकॅलवर लावण्याचे एक द्रव लाखण. ते कागदावर पातळ पसरले की फुटू पाहणाऱ्या पापुद्र्यावर दुसरा अखंड पापुद्रा चढतो. त्याची एक किंमत मोजावी लागते. पूर्वी प्रत्येक अक्षर आपापल्या पापुद्र्यावर सुटे असते; आता सारा कागद एकच चादर होतो, आणि प्रत्येक अंक, प्रत्येक रेघ अगदी कडेने कापून घ्यावी लागते. ते मला जमण्यासारखे होते. पिवळेपणावरचा उपाय मात्र ऐकून मला हसू आले. कागद काचेच्या खिडकीला आतून चिकटवायचा, अक्षरांची बाजू उन्हाकडे करायची, आणि वाट पाहायची. ऊन पिवळेपणा खाते. एप्रिल आणि मे असे दोन महिने आमच्या पूर्वेकडच्या खिडकीला सांता फे कंपनी लटकत होती. येणारे-जाणारे विचारीत, "बाई, ही कसली नोटीस लावलीय?" जूनच्या पहिल्या सरीआधी मी कागद उतरविला तेव्हा पांढरे अंक पुन्हा पांढरे झाले होते.

पावसाळ्यात रंगकाम नाही, हे दादाने आधीच बजाविले होते. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कारण वेगळे सांगायला नको. हवेतले बाष्प दाबाखाली नळीत पाणी होऊन साचते आणि रंगाच्या धुक्याबरोबर त्याचे थेंब उडतात. ह्या चार महिन्यांत मी प्लास्टिकच्या चमच्यांवर हात बसविला. चमचा ह्या अभ्यासाला फार चांगला. त्याला खोलगटही आहे, फुगीरही आहे आणि कडाही आहेत. पेंटरने एकदा माझे चमचे पाहिले. रंग ओघळून टोकाशी जमला होता. तो म्हणाला, "बाई, एका हातात भरायला बघू नका. पहिल्या हातात खालचं दिसलंच पाहिजे." चाळीस मोटारी रंगविलेल्या माणसाचा हा शब्द मला कोणत्याही पुस्तकातल्या सूचनेपेक्षा उपयोगी पडला. त्याचे थिनर मात्र मी घेतले नाही. मोटारीच्या रंगाचे थिनर ह्या प्लास्टिकला लागले तर ते विरघळू लागते; प्रतिकृतींचा रंग वेगळा, पाण्यात मिसळणारा असतो.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. इंजिन साबणाच्या पाण्याने धुतले, कारण साच्यातून निघताना प्लास्टिकला तेलकट लेप राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग अस्तराचा हात, मग रुपेरी. रुपेरी आधी आणि तांबडा नंतर, हा क्रम मला प्रथम उलटा वाटला होता. परंतु तांबडा आधी दिला असता तर रुपेरी देताना तो झाकावा लागला असता, आणि रुपेरी भाग तर तीनचतुर्थांश आहे. शिवाय रुपेरी रंगात धातूचे कण असतात. खालचा पृष्ठभाग जरा खरबरीत असला तरी तो चुगली करतो. म्हणून त्याला पहिली, स्वच्छ जागा.

फवारणी चालू असताना दादा दाराशी खुर्ची टाकून बसे. त्याला रंग दिसत नव्हता, पण फवाऱ्याचा आवाज तो ऐके. एकदा मध्येच म्हणाला, "थांब. रंग दाट झालाय." मला काही फरक जाणवला नव्हता. टोक पाहिले तर तेथे वाळलेल्या रंगाचा दाणा बसला होता. त्यानंतर मी आवाजाकडे लक्ष देऊ लागले. चांगला चालणारा फवारा एकसारखा श्वास सोडतो. अडखळला की रंग थुंकतो.

तांबड्याचा वळसा हे ह्या इंजिनाचे खरे कठीण काम. रुपेरी रंग चार दिवस वाळू दिला, त्यावर पारदर्शक लेपाचा एक हात दिला, आणि मग चिकटपट्टी लावून तो झाकला. चिकटपट्टी तशीच लावायची नसते. काचेवर आधी चिकटवून, पात्याने नवी कड कापून घ्यायची, कारण दुकानातल्या गुंडाळीची कड धूळ खाऊन दातेरी झालेली असते. वळशासाठी मी शाळेतले कंपास वापरले. एवढे करूनही चिकटपट्टीखालून रंग झिरपतो, आणि त्यावर एक फार हुशार उपाय आहे. तांबडा देण्यापूर्वी कडेवर पुन्हा रुपेरीचाच एक हलका हात द्यायचा. जे झिरपायचे ते रुपेरी झिरपते आणि खालच्या रुपेरीत दिसेनासे होते, फटी बुजतात, मग तांबड्याला वाट उरत नाही. हे मी मुलांना वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे चोर यायच्या आधी आपलाच माणूस दारात बसवायचा." मला ह्याहून चांगले सांगता आले नसते.

तांबडा तीन हातांत भरला. चिकटपट्टी रंग पुरता कडक होण्याआधी, स्वतःवरच दुमडून, हळूहळू ओढून काढायची असते. त्या संध्याकाळी शाळेतून यायला मला उशीर झाला, आणि ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. कड सरळ आली. डोळ्यांना ती निर्दोष दिसली, आणि मी समाधान पावले.

आता डिकॅल. परंतु त्याआधी, आपण अजून ऐकत असाल तर, ह्या विद्येच्या पूर्वजांविषयी दोन शब्द. कागदावरून चित्र उतरविण्याची युक्ती प्रथम चिनी मातीच्या भांड्यांच्या धंद्यात मोठी झाली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन ह्या दोघांनी १७५६ साली प्रतिज्ञेवर सांगितले की, आपण सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर निरनिराळी चित्रे उठविली. एवढ्या फरशा हाताने रंगवायला कारागिरांची पलटण लागली असती. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून 'डिकॅल्कोमॅनिया' हा शब्द इंग्रजीत आला, आणि त्यातला 'मॅनिया' उगाच नाही. त्या काळी लोक पेट्यांवर, पंख्यांवर, फुलदाण्यांवर, हाताला येईल त्यावर चित्रे उतरवीत सुटले होते. आपल्या शिवणयंत्रावरची वेल त्याच कुळातली.

चकचकीत पृष्ठभागावरच डिकॅल उतरवावे, हा ह्या कामातला मुख्य नियम आहे, आणि तो न पाळणाऱ्यांची इंजिने पाहताक्षणी ओळखू येतात. निस्तेज रंग हा डोळ्यांना सपाट दिसला तरी सूक्ष्मात डोंगर-दऱ्यांचा असतो; म्हणूनच तो प्रकाश विखुरतो आणि निस्तेज दिसतो. पापुद्रा त्या डोंगरांच्या शिखरांवर टेकतो आणि दऱ्यांत हवा कोंडली जाते. मग पारदर्शक जागेखाली ती हवा चांदीसारखी चमकते आणि अक्षराभोवतीचा चौकोन उघड पडतो. पाहणाऱ्याला अक्षर दिसत नाही, चिकटविलेला कागद दिसतो. म्हणून सगळ्या इंजिनावर आधी पारदर्शक चकाकीचा हात द्यावा लागतो. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, कारण शेवटी ती चकाकी पुन्हा मारायचीच असते. मला विचाराल तर सारे रंगकाम ह्या एका हातासाठीच होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, आम्ही सुरुवात केली. कापलेला तुकडा चिमट्याने धरून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा. बाहेर काढून ओल्या टिपकागदावर मिनिटभर ठेवायचा, म्हणजे डिंक आपोआप सुटतो. पाण्यात तरंगत ठेवला तर डिंक सगळाच धुऊन जातो. इंजिनावर ज्या जागी अक्षर यायचे तेथे आधी एक द्रव लावतात. त्याचे नाव मायक्रो सेट. मी बाटली उघडताच दादा म्हणाला, "हे काय, स्वयंपाकघरात मासे मुरवायला घेतलेस?" त्याला शिरक्याचाच वास येतो. मग कागद जागेवर टेकवून पापुद्रा ओल्या कुंचल्याने त्यावरून सरकवायचा. उचलायचा नाही, सरकवायचा. नवी साल चढविलेले आमचे अंक सरकले, आणि अखंड राहिले.

पिवळ्या पट्ट्यांनी मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. वळशावर पट्टा वाकतो, एक बाजू ताणली जाते, दुसरीला चुण्या पडतात. येथे दुसरा द्रव, मायक्रो सॉल, कामाला येतो. तो पापुद्र्याला इतका मऊ करतो की खालचा प्रत्येक खिळा, प्रत्येक फट त्यातून उमटून येते आणि पट्टा रंगविल्यासारखा दिसू लागतो. परंतु त्या आधीची काही मिनिटे भयंकर असतात. पट्टा सुरकुततो, आक्रसतो, आता सारे गेले असे वाटते, आणि त्या वेळी बोट लावले तर खरोखरच सारे जाते. हात मागे बांधून बसावे लागते. वाळताना तो आपला आपण सपाट होतो.

क्रमांकाच्या पाट्या नाकाच्या दोन्ही बाजूंना असतात. काळ्यावर पांढरे अंक. एक-एक अंक सुटा लावायचा. उजवीकडचे तीन, चार, सात आणि सी ठीक बसले. डावीकडचा सात, द्रव लावल्यानंतर माझ्या लक्षात आले की, किंचित कलला आहे. पापुद्रा मऊ झाला होता. हलवला असता तर फाटला असता. खरडून काढून दुसरा लावता आला असता, कारण कागदावर आणखी एक सात होता; पण खरडताना खालचा काळा निघण्याचा धोका होता. मी बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी पूर्वी विचारले होते, "ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" त्या वेळी मला राग आला होता. आता तोच प्रश्न मी स्वतःला उलट्या बाजूने विचारीत होते: ज्याला दिसत नाही, त्याला हा कललेला सात सांगायचा कशाला?

सात तसाच ठेवला. डिंकाचे डाग ओल्या फडक्याने टिपले, दोन दिवस जाऊ दिले, आणि सगळ्या इंजिनावर शेवटचा पारदर्शक हात दिला. त्याने डिकॅलची कड बुजते आणि अक्षर रंगात गेल्यासारखे होते. रुपेरीची धातूसारखी झळाळी त्याने थोडी मंदावते, हे खरे. काही जण एवढ्यासाठी रुपेरी भाग वगळतात. मला ते पटत नाही. शिकागोहून वाळवंट ओलांडून आलेले इंजिन आरशासारखे असेल कसे?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी इंजिन दादाच्या हातात दिले. त्याने ते मांडीवर घेतले आणि उजव्या हाताचे मधले बोट नाकापासून मागे न्यायला सुरुवात केली. वर्तुळातल्या क्रुसावरून बोट गेले, थांबले नाही. पाट्यांवरून गेले. बाजूवरच्या 'सांता फे' ह्या काळ्या अक्षरांवरून दोनदा गेले. "अक्षरं कुठं आहेत?" त्याने विचारले. मी त्याचे बोट धरून अक्षरांवर ठेवले. तो हसला. मग बोट वळशावर आले आणि पिवळ्या पट्ट्याशी थांबले. पुढे-मागे झाले, पुन्हा थांबले.

"चिकटपट्टी उशिरा काढलीस," तो म्हणाला.

तांबड्याची कड पट्ट्याखाली उभी राहिली होती. केसाएवढीच, परंतु होती. मी सहा आठवडे ते इंजिन पाहत होते आणि मला ती दिसली नव्हती. मी म्हटले, "हो. दुसऱ्या दिवशी काढली." आणि लगेच, विचार न करता, "डावीकडचा सातही कलला आहे," असेही सांगून टाकले.

त्याने डाव्या पाटीवरून पुन्हा बोट फिरविले. त्याला काहीच लागले नाही. "किती?" त्याने विचारले. मी म्हटले, कागदाच्या जाडीएवढा. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग इंजिन त्याने गालाशी नेले, थंडपणा पाहिल्यासारखे, आणि विचारले, "कागदावर अजून किती सात उरलेत?"

"एक," मी म्हटले.

"आणि चार?"

मी दिवा जवळ घेतला आणि मोजायला लागले.